छाट

अम्मा दिवसाला हजार विड्या वळायची.
कारखान्यात सूप उपडं व्हायचं
आणि चेकर चिमटीत धरून
शंभरेक बाजूला टाकायचा:
तोंड नीट नाही, दोरा सैल, पान फाटकं.
छाट.
मजुरी उरलेल्यांची.

केगावच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी
हत्तुरे सरांनी फळ्यावर बाण काढले.
पातळ थरातून वीज सोडली
की आत जोड्या जमतात, म्हणाले.
चारांतली एक उजळते.
तीन नुसत्या तापून जातात.
त्यांची फिरकी जुळत नाही,
खाली उतरायला परवानगी नाही.
मी वहीत लिहिलं: छाट, पाऊण हिस्सा.
सरांनी विचारलं, हा शब्द कुठला?
म्हटलं, विडी घरकुलचा.

इरिडियमचं मीठ येतं
पेराएवढ्या बाटलीत,
काळपट, चुलीतल्या चुऱ्यासारखं.
अर्धा ग्रॅम.
किंमत ऐकून नायनानं बनियनला हात पुसले.
एवढ्यात जुना माग येतो गं, म्हणाला,
मोटारीसकट.

त्या एका जड अणूभोवती
मी तीन बाजूंनी तीन कड्या बसवते.
त्यासाठी चोवीस तास शिजवायचं,
मंद, नायट्रोजनच्या बुडबुड्यांखाली.
बाविसाव्या तासाला वीज गेली.
एप्रिलची रात्र, भिंतीही गरम,
खिडकीतून सोलापूर दिसायचं बंद झालेलं.
बिराजदार मामांनी जनरेटरला
अर्ध्या शिव्या मराठीत घातल्या,
मग मराठी अपुरी पडली
म्हणून उरलेल्या कानडीत.
मी फ्लास्क टॉवेलात गुंडाळून
पहाटेपर्यंत मांडीवर धरून बसले.

आला तो पिवळा.
हळदीच्या पाण्यात चुना पडायच्या आधी असतं तसं.
जांभळ्या दिव्याखाली धरला,
फिकट हिरवं काहीतरी, आजारी.
मामा म्हणाले, हवा काढा.
नळी आत सोडली, बुडबुडे सुरू केले,
आणि बाटली भरत गेली उजेडानं
तळापासून मानेपर्यंत.

घरातल्या समईला हवा लागते.
ह्याला हवा लागली की विझतो.
माझी बोटं हिरवी दिसत होती.
जड अणू नियम मोडत नाही,
वाकवतो.
तिन्ही छाट परत आत घेतो,
प्रत्येकीची मजुरी देतो.

पण पडद्याला निळाही लागतो.

नायना तीस वर्षं रंगखात्यात,
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात.
त्याची नखं निळी,
सणाला आंघोळ केली तरी निळी.
त्याला सांगितलं, लाल टिकतो, हिरवा टिकतो,
निळा जातो.
तो हसला.
हे शिकायला एवढी वर्षं फी भरलीस?

निळ्यासाठी कडीला फ्लोरिन जोडावं लागतं.
उजेड देता देता तेच सुटतं,
एकेक, ढिल्या बटणासारखं.
माझ्या सगळ्यात चांगल्या नमुन्यानं
एकोणीस तास काढले.
मग अर्ध्यावर आला, मग पाव,
मग काचेवर नुसता एक चौकोन.

एकोणीस तास, मी जेवताना म्हणाले.
नायनानं भाकरी मोडली, शेंगाचटणी ओढली.
म्हणजे एका धुण्यात गेला.
मग बराच वेळ काही बोलला नाही.
अम्मानं ताक वाढलं,
तिची बोटं आता वळत नाहीत नीट,
वाटी दोन्ही हातांनी धरते.

हात धुऊन आल्यावर दारातच म्हणाला,
कडी घट्ट कर. रंगाला दोष देऊ नको,
गाठ कुठे सुटते ते बघ.

आज परत वजन करते आहे.
पंखा बंद, श्वास धरून,
कागदाला चिकटलेलं कणभरसुद्धा टिचकीनं खाली.
फसलेले निळे एका बरणीत साठवते,
त्यातला धातू कधीतरी परत काढता येईल.
बरणीवर मार्करनं नाव लिहिलंय.
मामांनी विचारलं, टाकू का हे?
त्यांच्या हातून जांभळा दिवा चुकून चालू राहिला होता.
आम्ही दोघं तिकडे बघत राहिलो.
मळकट, हिरवट, मध्येच निळं.

नको, म्हटलं. झाकण तेवढं घट्ट लावा.